घरच्यांना घेऊन प्युजेट साउंडला पिंक सॅमन पकडायला जायचंय? मग हे वाचून जा

सिएटलच्या आसपास, म्हणजे वर बॉथेल-एव्हरेटपासून खाली टॅकोमापर्यंत राहणाऱ्या आपल्या मंडळींसाठी लिहितोय. दर उन्हाळ्यात कोणीतरी विचारतंच की पोरांना घेऊन सॅमन पकडायला जायचंय, बोट भाड्याने घेऊ का, चार्टर (म्हणजे चालवणाऱ्यासकट बोट) करू का. माझं उत्तर ठरलेलं आहे, पहिल्यांदा जाताय आणि सोबत लहान पोरं नाहीतर भारतातून आलेले आई-बाबा आहेत तर बोट नको, किनाऱ्यावरूनच गळ टाका, आणि वर्ष विषम असेल तर डोळे झाकून पिंक सॅमनच्या मागे लागा.

विषम वर्ष का ते सांगतो. पिंकचं आयुष्य बरोब्बर दोन वर्षांचं, नदीत जन्म, मग समुद्र, आणि दोन वर्षांनी परत त्याच नदीत अंडी घालून मरायचं. प्युजेट साउंडला, म्हणजे सिएटलसमोरच्या समुद्राच्या खाडीला, मिळणाऱ्या नद्यांमध्ये हे चक्र विषम सालाला बसलंय, म्हणून 2023 ला आले, 2025 ला आले, पुढचे 2027 ला. सम सालात पिंक जवळजवळ नसतातच, तेव्हा सप्टेंबरात कोहोच्या (सॅमनचीच दुसरी जात) मागे जावं लागतं आणि कोहो पोरांच्या संयमाची परीक्षा बघतो. पिंक म्हणजे इथले लोक ज्याला हंपी म्हणतात तो, पॅसिफिक सॅमनमधला सगळ्यात लहान, तीन ते पाच पाउंडांचा, झुंडीने फिरतो आणि किनाऱ्याच्या इतका जवळून जातो की आठ-नऊ वर्षांच्या पोराने टाकलेला गळसुद्धा पोचतो. ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत जोर असतो.

आधी कागदपत्रं, कारण यात लोक सगळ्यात जास्त ढिलाई करतात. लायसन्स राज्याच्या फिश अँड वाइल्डलाइफ डिपार्टमेंटचं, ऑनलाइन मिळतं किंवा मासेमारीचं सामान विकणाऱ्या दुकानात. 15 वर्षांखालच्या पोरांना लायसन्स लागत नाही, पण सॅमन पकडायचा तर कॅच रेकॉर्ड कार्ड (पकडलेल्या माशांची नोंद करायचं) त्यांचंही हवंच, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. आई-बाबा व्हिजिटर व्हिसावर आलेत आणि त्यांनाही हौस आहे, तर त्यांना नॉन-रेसिडेंट लायसन्स घ्या (रेसिडेंट म्हणवून घ्यायला राज्यात 90 दिवस पक्कं राहणं लागतं), एक ते तीन दिवसांचं टेम्पररी मिळतं तेवढं पुरतं. बाबा नुसते खुर्ची टाकून बसणार असतील तर काही नको, पण "जरा धरा हो रॉड, मी पोराला बघतो" असं म्हणून बिनलायसन्सच्या माणसाच्या हातात पाण्यात टाकलेला गळ द्यायचा नाही. अधिकारी येतात, साध्या कपड्यातही येतात.

मग नियम. साउंडचे मरीन एरिया, म्हणजे नंबर दिलेले विभाग, पाडलेत, सिएटलसमोरचा 10, टॅकोमा 11, व्हिडबी बेटाच्या पश्चिमेचा 9, आणि प्रत्येकाची तारीख वेगळी, किती मासे ठेवायचे ते वेगळं, कुठला ठेवायचा कुठला सोडायचा तेही वेगळं. वर हंगामाच्या मध्येच नियम बदलतात, म्हणून आदल्या रात्री डिपार्टमेंटच्या साइटवर इमर्जन्सी रूल बघितल्याशिवाय झोपायचं नाही. मित्राने गेल्या शनिवारी काय केलं ते चालत नाही. सगळीकडे सारखा असलेला एक नियम म्हणजे हुक एकाच टोकाचा आणि बिनकाट्याचा, म्हणजे टोकाच्या मागे जो उलटा काटा असतो तो नसलेला. दुकानातल्या लुअरला (माशाला भुलवायचं खोटं आमिष) कधी तीन टोकांचा हुक लावलेला असतो, तो काढून सिंगल लावा आणि काटा पक्कडीने दाबून सपाट करा. कापसाच्या बोळ्यातून ओढून बघा, अडकला तर अजून दाबा.

सामानावर हजार डॉलर घालवायची काही गरज नाही. साडेआठ-नऊ फुटी मध्यम ताकदीचा स्पिनिंग रॉड, 3000 किंवा 4000 साइजचं रील, त्यावर वीस-तीस पाउंडी ब्रेडेड (विणलेली) लाइन, पुढे दोन-तीन फूट मोनोचा (एकेरी नायलॉनचा) लीडर. पोरांना हाच लांब रॉड झेपत नाही, त्यांना सातफुटी घ्या. आणि लुअर एकच, गुलाबी बझ बॉम्ब. कॅनडात ब्रिटिश कोलंबियात निघालेला शिशाचा चपटा तुकडा आहे, मधून आरपार भोक, लाइन त्या भोकातून जाते, खाली रबरी बंपर, मग स्विव्हल (फिरती कडी) आणि हुक. टाकल्यावर भिरभिरत खाली जातो. गुलाबीच घ्या, पिंक सॅमनला गुलाबी रंगाचं काय वेड आहे देव जाणे पण आहे खरं. माणशी तीन-चार असू द्यात कारण दगडात अडकून तुटतात. बाकी पक्कड, धारदार सुरी, मासा डोक्यात मारायला छोटा दांडा, मोठा कुलर आणि बर्फ. बर्फ दोन पिशव्या नाही, चार.

जागा कुठली तर सिएटलमध्येच लिंकन पार्क आहे, वेस्ट सिएटलला, संडास आहेत, झाडं आहेत, पोरं कंटाळली तर खेळायला जागा आहे. घरच्यांसोबत पहिल्यांदा जायला मला हीच सगळ्यात बरी वाटते. उत्तरेकडच्यांनी मुकिल्टिओवरून फेरीने व्हिडबी बेटावर जावं, फेरी वीसेक मिनिटांची, पोरांना मासेमारीपेक्षा तीच जास्त आवडते, पुढे गाडीने बुश पॉइंट किंवा लगून पॉइंट. तिथे पाणी किनाऱ्याजवळच एकदम खोल होतं म्हणून मासे अगदी पायाशी येतात. टॅकोमाकडे ब्राउन्स पॉइंट. किटसॅपकडे पॉइंट नो पॉइंट, दीपगृह आहे, सुंदर आहे, पण पार्किंग इवलंसं, पिंकच्या दिवसात उजाडायच्या आधी भरतं. स्टेट पार्कात गेलात तर गाडीला डिस्कव्हर पास (पार्किंगचा परवाना) लागतो. ज्यांना वाळू-दगडावर उतरणं जमत नाही अशा आजी-आजोबांसाठी एडमंड्सचा फिशिंग पियर (पाण्यात गेलेला धक्का), कठडा आहे, बसायला बाकं आहेत. पियरवर मासा वर घ्यायला दोरीला बांधलेलं गोल जाळं लागतं, ते विसरलात तर मासा अर्ध्यात सुटून पाण्यात.

वेळ भरती-ओहोटीवर ठरवा. कोकणातल्यांना हे सांगायला नको, पण ज्यांचं आयुष्य पुण्यात गेलं त्यांच्यासाठी, की पाणी भरत किंवा उतरत असताना आणि ते थांबून फिरतं त्याच्या आगे-मागे तासभर मासे जास्त हलतात, आणि पहाट ही बाकी कुठल्याही वेळेपेक्षा चांगली. आता पोरांना साडेचारला उठवून नेणं म्हणजे सातला रडारड, म्हणून मी म्हणेन की टाइड टेबलमध्ये असा दिवस शोधा की ज्या दिवशी पाणी सकाळी आठ-नऊला फिरतंय, मग सहाला निघा आणि अकराला आवरा. पाच तासांपेक्षा जास्त थांबायचं नाही, मासे येत असले तरी. इथे मोठ्या भरतीला पाणी दहा-बारा फूट चढतं, त्यामुळे पिशव्या आणि डबे पार वर, लाकडाचे ओंडके पडलेत तिथे ठेवा.

गळ टाकायचा सराव घरीच करा, हुक काढून, समोरच्या मैदानात. किनाऱ्यावर पिंकच्या दिवसात माणसं खांद्याला खांदा लावून उभी असतात आणि सगळे सरळ समोर फेकतात, तिरकं फेकलं की दहा लायनींचा गुंता आणि दहा जणांच्या शिव्या. म्हणून पोरांना घेऊन रांगेच्या टोकाला उभे राहा. सगळ्यांच्या डोळ्यावर चष्मा, डोक्यावर टोपी, आणि फेकणाऱ्याच्या मागे कोणीही, कोणीही उभं राहायचं नाही, दोन औंसाचं शिसं हुकासकट मागून पुढे येतं.

फेकलात की थोडं खाली जाऊ द्या, मग रॉड वर उचला, सोडा, ढिली झालेली लाइन गुंडाळा, परत उचला. मासा बहुतेक वेळा लुअर खाली पडत असतानाच घेतो, त्यामुळे परत उचलताना जड लागलं की समजा लागला. पाण्यावर पिंक उड्या मारताना दिसतात, झुंड कुठल्या दिशेने चाललीये बघा आणि तिच्या पुढे टाका, उडी मारली त्या जागी टाकून उपयोग नाही, तो तिथून गेलेला असतो. लागला की "फिश ऑन" ओरडा, शेजारचे आपल्या लायनी गुंडाळून घेतात, ही तिथली रीत आहे. हुकाला काटा नाही म्हणजे लाइन क्षणभर ढिली पडली की मासा गेला, तेव्हा पोराला एवढंच शिकवा की रॉड वाकलेला राहिला पाहिजे. शेवटी रील गरागरा फिरवण्यापेक्षा सरळ मागे मागे चालत जायचं आणि लाटेसोबत मासा वर घ्यायचा. फेकायला पोराला मदत करा हवी तर, पण ओढू द्या त्यालाच, आणि लिमिट ज्याचं त्याचं, तुमचे जास्तीचे मासे पोराच्या कार्डावर चढवायचे नाहीत.

आता सगळ्यात महत्त्वाचं, मासा ओळखणं, कारण किंग सॅमन आणि बऱ्याच ठिकाणी जंगली कोहो सोडून द्यावे लागतात. समुद्रात पिंकच्या पाठीवर कुबड अजून फारसं नसतं, सगळेच चंदेरी दिसतात. शेपटी बघा. पिंकच्या शेपटीच्या दोन्ही भागांवर मोठे लांबट काळे डाग आणि खवले अगदी बारीक. कोहोला डाग फक्त वरच्या भागावर आणि दातांच्या मुळाशी हिरडी पांढरी. किंगला डाग दोन्हीकडे पण हिरड्या काळ्या. हॅचरीतल्या (मत्स्यबीज केंद्रात वाढवलेल्या) माशाचा पाठीवरचा शेपटीजवळचा छोटा मांसल पर कापलेला असतो, जंगलीचा शाबूत. शंका आली तर सोडा, तोही पाण्यातच ठेवून, वाळूवर लोळवून फोटो काढून नव्हे.

ठेवायचा असेल तर लगेच डोक्यात एक टोला, कल्ला कापून रक्त जाऊ द्या आणि पेनने कार्डावर नोंद, त्याच क्षणी, घरी गेल्यावर नाही. मग पोट साफ करून बर्फात. पिंकचं मांस फार पटकन मऊ पडतं, "हंपीला चव नसते" म्हणणारे निम्मे लोक तो तीन तास उन्हात बादलीत ठेवणारे असतात.

एक धोका कोणी सांगत नाही तो म्हणजे जेलीफिश. ऑगस्टात लाल-तपकिरी लायन्स मेन जेली खूप असतात, त्यांचे तंतू लायनीला चिकटून रीलपर्यंत येतात, पोरं तोच हात डोळ्याला लावतात आणि मग जी काय आग होते. पातळ हातमोजे द्या, ओलं फडकं जवळ ठेवा. पाणी उन्हाळ्यातही बर्फासारखं गार, पोहता येतंय म्हणून निर्धास्त राहू नका, लहान पोरांना किनाऱ्यावरही लाइफ जॅकेट घाला. आणि मध्येच सील येऊन तुमचा मासा गळावरून नेईल, त्यावर काही इलाज नाही, तो पण त्याच्या घरच्यांसाठीच आलाय.

समोर जाळी लावलेल्या बोटी दिसल्या तर कुरकुर करू नका, मूळनिवासी जमातींचा तो करारातला हक्क आहे, 1974 च्या न्यायाधीश बोल्ट यांच्या निकालाने पकडण्याजोग्या माशांतला अर्धा वाटा त्यांचा ठरला.

पुढेमागे बोटीने गेलातच तर 19 फुटांखालच्या चालत्या बोटीत 12 वर्षांपर्यंतच्या पोरांना लाइफ जॅकेट कायद्याने सक्तीचं आहे, सोडायचा जंगली सॅमन बोटीत घ्यायचाच नाही, आणि सदर्न रेसिडेंट ओर्का (इथल्या किलर व्हेलचा कळप) दिसले तर 2025 पासून हजार यार्ड लांब राहायचं.

घरी आल्यावर, पिंक कमी चरबीचा मासा आहे, ग्रिलवर कोरडा होतो. तुकड्यांना हळद-मीठ-तिखट-आगळ लावून रव्यात घोळवून तव्यावर, नाहीतर सरळ तिखलं. मादी मिळाली तर गाबोळी टाकू नका, इथले बरेच जण ती आमिषासाठी ठेवतात, मागितली तर देतातही. उरलेले मासे फ्रीझरमध्ये महिना-दोन महिन्यात संपवा. आणि कागदी कॅच कार्ड ड्रॉवरमध्ये पडून राहतं, त्याचा रिपोर्ट 30 एप्रिलपर्यंत भरायचा, एकही मासा मिळाला नसला तरी, पोरांच्या कार्डाचासुद्धा.