आपल्याच भागात तरुण मुलांसाठी आणि पालकांसाठी आधारगट कसा सुरू करायचा

दरवर्षी १० ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिन असतो, कुठेतरी एखादं भाषण होतं, फोटो निघतात आणि विषय पुढच्या वर्षावर जातो. भाषण वाईट नसतं, पण ज्या मुलीची झोप जानेवारीत उडालीये तिला ऑक्टोबरच्या भाषणाचा काय उपयोग? तिला आणि तिच्या आईवडिलांनाही ठरलेल्या दिवशी ठरलेल्या जागी तीच ओळखीची माणसं भेटणार, एवढी खात्री हवी असते. अशी जागा उभी करायला पैसा फारसा लागत नाही, तयारी मात्र लागते आणि ती आधीच करावी लागते, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आम्ही काय डॉक्टर आहोत का, हा पहिला प्रश्न सगळेच विचारतात. नाही, आणि व्हायचंही नाहीये. झिम्बाब्वेतले मानसोपचारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांच्या एका तरुण पेशंटने आत्महत्या केली, हॉस्पिटलपर्यंत यायला तिच्याकडे बसभाड्याचे पैसे नव्हते. त्यानंतर २००६ मध्ये त्यांनी हरारेत १४ आजीबाईंना शिकवून तयार केलं आणि दवाखान्याच्या आवारात बाकावर बसून त्या लोकांचं ऐकायला लागल्या, तोच हा फ्रेंडशिप बेंच. पुढे २४ दवाखान्यांतल्या ५७३ मोठ्या माणसांवर त्याची रीतसर चाचणी झाली, २०१६ मध्ये निकाल छापून आला, आणि आजींशी बोललेल्या लोकांची उदासी आणि चिंता सहा महिन्यांनंतर नेहमीच्या उपचारवाल्यांपेक्षा बरीच कमी निघाली. पण यातलं लोक विसरतात ते असं, की त्या आजींना ट्रेनिंग होतं, त्यांच्यावर लक्ष ठेवणारं कुणीतरी होतं आणि केस गंभीर वाटली तर पाठवायला मागे दवाखाना होता. नुसतं प्रेमळ असून भागत नाही.

म्हणून गटाचं नाव काय ठेवायचं, लोगो कसा हवा या भानगडीत पडण्याआधी एक यादी करा. जवळात जवळचे मानसोपचारतज्ज्ञ कोण, समुपदेशक कोण, १८ वर्षांखालच्या मुलांना कोण बघतं, फी किती, नंबर लागायला किती दिवस जातात, रात्री दोनला इमर्जन्सी आली तर कुठे जायचं, तुमच्या देशाची हेल्पलाईन कोणती. प्रत्येक नंबरवर स्वतः फोन करून बघा, कारण नंबर बंद निघणं फार कॉमन आहे आणि घाबरलेल्या आईला तुम्ही बंद नंबर दिलात तर ती पुन्हा कुणाला विचारायची नाही. यातल्याच एखाद्या तज्ज्ञाला विचारा की महिन्यातून एकदा आमच्याशी तासभर बोलाल का, आम्ही अडलो तर सांगाल का. असा माणूस मिळेपर्यंत सुरू करू नका, हे माझं ठाम मत आहे. मानसिक प्रथमोपचाराचा छोटा कोर्स मिळत असेल तर तोही करून घ्या.

चालवायला तीन-चार जण पुरेत, त्यात एक-दोन तरुण हवेतच. वीस-बावीस वर्षांच्या मुलाशी सोळा वर्षांची मुलं जे बोलतील ते आपल्याशी नाही बोलणार. फक्त त्या तरुणांवर गंभीर केस एकट्याने सांभाळायचं ओझं टाकायचं नाही, तशी केस लगेच मोठ्यांकडे द्यायची, हे पहिल्याच दिवशी त्यांना सांगा.

जागा अशी निवडा की तिथे जाताना कुणी पाहिलं तरी काही वाटू नये, वाचनालयाची खोली किंवा शाळेचा रिकामा वर्ग चालेल. दारावर मोठ्या अक्षरात मानसिक आरोग्य असं लिहिलंत तर निम्मे लोक दारावरूनच परत जातील. मुलांची आणि पालकांची बैठक वेगळी ठेवा, एकत्र बसवलं की आई बोलते आणि पोरगं जमिनीकडे बघत बसतं. १८ च्या आतल्या मुलाबरोबर कुणीही मोठं माणूस बंद खोलीत एकटं बसणार नाही, बोलणं दुसऱ्यांना ऐकू नाही आलं तरी दोघं दिसले पाहिजेत, हा नियम कितीही ओळखीचा माणूस असला तरी मोडायचा नाही.

गुप्ततेचं काय ते बैठकीच्या सुरुवातीला तोंडाने बोलून दाखवायचं, दरवेळी. इथलं बोलणं बाहेर जाणार नाही, पण कुणाच्या जिवाला धोका असेल किंवा एखाद्या मुलावर अत्याचार होतोय असं कळलं तर ते आम्ही लपवणार नाही, कायद्यानुसार जिथे सांगायचं तिथे सांगू, आणि शक्यतो तुला आधी सांगून मग सांगू. हे आधीच स्पष्ट केलं की पुढे विश्वासघात झाल्यासारखं वाटत नाही. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप हवाच असेल तर फक्त वेळ आणि जागा कळवायला ठेवा, कुणाची नावं, कुणाचं काय चाललंय यातलं काहीही तिथे नको, आणि ग्रुपमध्ये बाकीच्यांचे नंबर दिसतात हे लक्षात ठेवून ज्यांना नको असेल त्यांना वेगळा मेसेज करा.

आता मुख्य काम, ऐकणं. समजा एक वडील आलेत, म्हणतात, पोरगा दिवसभर मोबाईलमध्ये, कॉलेज सोडलंय, काही विचारलं की दार आपटतो, आळशी झालाय. आपल्या तोंडात लगेच सल्ला येतो, मोबाईल काढून घ्या, नाहीतर जरा सबुरीने घ्या. तो गिळायचा आणि विचारायचं, "हे कधीपासून चाललंय?" मग ते म्हणतात, परीक्षेनंतर. "झोपतो कधी?" पहाटे चारला. "आधी मित्रांत जायचा का?" जायचा की, रोज खेळायला जायचा, आता कुणाचा फोनही घेत नाही. हे सांगता सांगताच त्यांच्या लक्षात येतं की हा आळस नाहीये. तेव्हा थोडं थांबायचं आणि विचारायचं, "आणि तुमचं कसं चाललंय या सगळ्यात?" हा प्रश्न त्यांना बहुतेक कुणी विचारलेलाच नसतो. झोप, भूक, मित्र, अभ्यास, आवडीच्या गोष्टी यात बदल होऊन दोन आठवड्यांच्या वर गेले असतील तर तज्ज्ञाला दाखवा म्हणायचं, नंबर द्यायचा आणि अपॉइंटमेंट घ्यायला मदत हवी का ते विचारायचं. डिप्रेशन आहे असं आपण म्हणायचं नाही, ते ठरवणं आपलं काम नाही. चालू गोळ्या बंद करा असं तर चुकूनही नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार १० ते १९ वयाच्या दर सातांपैकी एकाला मानसिक आजार असतो, म्हणजे तुमच्या भागात अशी घरं आहेतच, फक्त ती बोलत नाहीयेत.

आत्महत्येचा विषय आला की सगळे गडबडतात. विचारल्याने डोक्यात विचार येतो अशी भीती असते, पण तसं होत नाही, उलट विचारल्यावर माणसाला मोकळं वाटतं. सरळ विचारा, "तुला जीव द्यावा असं वाटतं का?" आडून आडून नको. उत्तर हो आलं तर घाबरून लेक्चर देऊ नका, देवाची किंवा आईवडिलांची शपथ घालू नका. कसं करायचं ते ठरवलंय का, त्यासाठीच्या वस्तू हाताशी आहेत का, एवढं विचारा. त्याला एकटं सोडू नका, घरच्या विश्वासाच्या माणसाला त्याच्यासमोरच फोन लावा, आणि त्याच दिवशी इमर्जन्सीत किंवा तज्ज्ञाकडे न्या, सोबत कुणीतरी जा. घरात गोळ्यांचा साठा किंवा कीटकनाशक असेल तर ते घराबाहेर काढायला सांगा, निदान कुलुपात तरी, कारण ती तीव्र वेळ बऱ्याचदा थोड्या वेळाने ओसरते आणि तेवढ्यात हाताशी काही नसलं तर जीव वाचतो. इतरांना ऐकू न येणारे आवाज ऐकू येणं, खाणं जवळजवळ बंद, स्वतःला जखमा करून घेणं, हेही आपल्या गटात सांभाळण्यासारखं नाही, लगेच पुढे पाठवा.

बाकीच्या वेळी कामाला येते ती त्या बाकावरच्या आजींचीच पद्धत. माणसाला सगळे प्रॉब्लेम बोलू द्यायचे, मग त्यातला एकच त्याला निवडायला सांगायचं, आपण नाही निवडायचा. त्यावर पुढच्या भेटीपर्यंत करता येईल अशी एक छोटी गोष्ट त्यानेच ठरवायची आणि भेटल्यावर काय झालं ते बघायचं. नोकरी गेलेल्या आईला नोकरी शोधून देणं आपल्याला जमत नाही, पण या आठवड्यात दोघा ओळखीच्यांना फोन करायचं तिने स्वतः ठरवलं तर ती पुढच्या वेळी काय झालं ते सांगायला तरी येते. नाही जमलं तर का नाही जमलं त्यावर बोलायचं, रागवायचं नाही.

पालकांच्या बैठकीत एक माणूस हमखास म्हणतो, आमच्या वेळी नव्हतं असलं काही. त्याच्याशी वाद घालू नका. तुमच्या वेळी तुम्हाला त्रास झाला तेव्हा कुणाशी बोलायचात, असं विचारा आणि गप्प बसा, बरंच काही बाहेर येतं. भावंडांकडेही लक्ष असू द्या, घरात एक मूल आजारी असलं की दुसरं आपोआप शहाणं होतं आणि त्याच्याकडे कुणी बघतच नाही.

बैठक संपली की चालवणाऱ्यांनी पंधरा मिनिटं आपापसात बोलून मगच घरी जायचं. नाव न घेता काय जड गेलं ते सांगायचं. दुसऱ्यांचं दुःख ऐकून स्वतःची झोप गेली तर महिनाभर सुट्टी घ्या, गट दुसरे दोघं चालवतील, म्हणूनच सुरुवातीला तीन-चार जण घ्यायचे.

सुरुवातीचे काही आठवडे कुणी येणार नाही. तरीही ठरलेल्या वेळी जाऊन बसायचं, कारण लोक लांबून बघत असतात की हे टिकतंय का. आणि येणारा कुणी अचानक यायचा बंद झाला तर एक फोन करायचा, का आला नाहीस म्हणून नाही, बरा आहेस ना एवढंच विचारायला. त्याने उचलला नाही तर दोन दिवसांनी पुन्हा एकदा, आणि आधीच्या बोलण्यावरून जिवाची काळजी वाटत असेल तर दोन दिवसही थांबायचं नाही, लगेच घरच्यांना फोन करायचा.