ट्रम्प भारी का बायडन, भांडायच्या आधी आकडे कसे बघायचे

२०२५ च्या ऑगस्टमध्ये ट्रम्पनी आधी २५ टक्के अन् मग रशियाचं तेल घेता म्हणून अजून २५, असा भारताच्या मालावर ५० टक्के टॅरिफ म्हणजे आयात कर लावला, त्याच महिन्यात आपल्या सरकारनी बाहेरून येणाऱ्या कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं, तेव्हापासून आमच्याकडं परभणीचा कापूसवाला असो की लातूरच्या मोंढ्यातला आडत्या, ज्याला त्याला अमेरिकेच्या अध्यक्षावर बोलायचंय. बोला की, कोण नाही म्हणतंय. पण अर्ध्या लोकांचं मत व्हॉट्सअपवर आलेल्या एखाद्या ग्राफवर असतं अन् अर्ध्यांचं आपल्याला फटका बसला का नाही त्यावर, अन् दोन्हीतून त्या माणसानी खुर्चीवर बसून काम कसं केलं ते कळत नाही. ते कसं काढायचं, तेवढंच इथं लिहितो.

सगळ्यात आधी ठरवा की हिशोब कुणाच्या बाजूनं मांडताय. अमेरिकेच्या माणसासाठी अध्यक्ष कसा होता अन् आपल्या कापसा-सोयाबीनसाठी कसा होता, या दोन वेगळ्या वह्या आहेत. एकात घातलं की नुसती गिचमिड होते.

मग बघायचं की त्याच्या हातात काय होतं. आपल्या राष्ट्रपतीसारखं नुसतं सहीचं पद नाही ते, सरकार तोच चालवतो, पण राजा पण नाही. खर्चाची अन् कराची किल्ली काँग्रेसकडं म्हणजे त्यांच्या संसदेकडं, व्याजदर फेडरल रिझर्व्ह ठरवतं म्हणजे त्यांची रिझर्व्ह बँक, पेट्रोलचा भाव जगाच्या तेलबाजारावर. अध्यक्षाच्या हातात काय तर विधेयकावर सही किंवा व्हेटो म्हणजे नकार, खात्यांचे नियम, माणसं नेमणं अन् टॅरिफ. टॅरिफचं श्रेय म्हणा का पाप म्हणा, बऱ्यापैकी थेट अध्यक्षाच्या खात्यात टाकता येतं, कारण गेल्या काही वर्षांत ते संसदेला फार न विचारता लावलेत. पेट्रोलचं तसं नाही. २०२२ च्या जूनमध्ये तिथं पेट्रोल गॅलनला ५ डॉलरच्या वर गेलं तेव्हा बायडनला शिव्या पडल्या, पण त्याच्या मागं युक्रेनचं युद्ध होतं, ते काही बायडननी वॉशिंग्टनमधून ठरवलं नव्हतं.

आता तारखा, कारण इथंच लई जण फसतात. नवीन अध्यक्ष २० जानेवारीला शपथ घेतो पण त्यांचं सरकारी आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं, म्हणजे पहिले आठ महिने तो आधीच्या माणसाच्या बजेटवर गाडी हाकत असतो. भादव्यात कुणी बटईनं उभं पीक असलेलं रान घेतलं अन् दिवाळीला उतारा कमी आला म्हणून त्यालाच धरलं तर कसं होईल, तसंच आहे हे. २००९ च्या जानेवारीत ओबामा आला तेव्हा बेरोजगारी ७.८ टक्के होती अन् ऑक्टोबरमध्ये १० टक्के झाली. नुसते हे दोन आकडे दाखवले की माणूस वाटोळं करणारा दिसतो. पण लेहमन ब्रदर्स ही तिथली मोठी बँक बुडाली सप्टेंबर २००८ मध्ये, ओबामा आला त्या एका महिन्यात सात लाखांच्या वर नोकऱ्या गेल्या होत्या, घसरण आधीच चालू होती. जानेवारी २०१७ ला तो गेला तेव्हा बेरोजगारी ४.७ होती. म्हणून आलेल्या अन् गेलेल्या दिवसाचा आकडा तर घ्याच, पण तो यायच्या आधीची दोन-तीन वर्षं रेघ कुठं चालली होती ते पण बघा. आधीच खाली येणारी बेरोजगारी तशीच खाली येत राहिली तर त्यात नव्या माणसाचा पराक्रम किती, हा प्रश्न विचारलाच पाहिजे, अन् हे ट्रम्पच्या पहिल्या तीन वर्षांना पण लागू आहे.

पेरलं कुणी अन् खळं केलं कुणी हे बघायला कार्टर अन् त्याच्यानंतर आलेला रेगन, या दोन अध्यक्षांची गोष्ट नीट समजून घ्या, एवढी एक कळली तरी निम्मं काम होतं. सत्तरच्या दशकात अमेरिकेत महागाई भयंकर होती, १९८० साली १३ टक्क्यांच्या वर. कार्टरनी १९७९ च्या ऑगस्टमध्ये पॉल व्होल्कर नावाच्या माणसाला फेडवर, म्हणजे त्याच फेडरल रिझर्व्हवर, प्रमुख म्हणून आणून बसवलं. व्होल्करनी व्याजदर २० टक्क्यांच्या आसपास नेऊन ठेवले, म्हणजे घर घेणारा मेला, कर्ज काढून शेती करणारा मेला, कारखाने बंद पडले. १९८० च्या निवडणुकीत रेगननी डिबेटमध्ये लोकांना विचारलं की चार वर्षांपूर्वीपेक्षा तुमचं आज बरं चाललंय का, अन् कार्टर साफ झाला, फक्त सहा राज्यं मिळाली. पण औषध चालूच होतं, १९८२ च्या शेवटाला बेरोजगारी १०.८ टक्क्यांवर गेली, आता शिव्या रेगनला. मग महागाई तुटली, १९८३ मध्ये ३ टक्क्यांच्या जवळ आली, कारखाने फिरायला लागले अन् १९८४ ला रेगन ५० पैकी ४९ राज्यं जिंकला. आता सांगा श्रेय कुणाचं? माझं मत विचाराल तर व्होल्करला आणल्याबद्दल कार्टरला द्यायला पाहिजे, अन् मंदी अंगावर येत असताना पण व्होल्करला हाकललं नाही, उलट १९८३ ला परत नेमलं, म्हणून रेगनला पण. अन् त्याच रेगनच्या काळात कर कमी केले, लष्कराचा खर्च वाढवला अन् सरकारी कर्ज जवळपास तिप्पट झालं, ते त्याच्या भक्तांच्या ग्राफमध्ये नसतं.

आकडे कुठून घ्यायचे? सेंट लुईसच्या फेडरल रिझर्व्ह बँकेची फ्रेड नावाची साईट आहे, फुकट, मोबाईलवर पण चालते. बेरोजगारी, महागाई, जीडीपी असं काही पण शोधा, ग्राफ येतो अन् त्यावर करड्या पट्ट्या दिसतात, त्या मंदीच्या. ग्राफच्या वर दोन तारखांचे डबे असतात, त्यात आधी पन्नास वर्षांची मुदत टाकून बघा, मग अध्यक्षाची चार वर्षं. फॉरवर्ड बनवणारा उलटं करतो, त्याला पाहिजे ती दोनच वर्षं कापून दाखवतो, अन् कधी कधी उभी रेघ शून्यापासून सुरू पण करत नाही म्हणजे पाव टक्क्याचा फरक डोंगरासारखा दिसतो.

जीडीपीत एक खड्डा आहे, तिथं आपली माणसं हमखास पडतात. आपण ज्या वाढीची बातमी वाचतो ती मागच्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी तुलना असते, अमेरिका मात्र तिमाहीची वाढ वर्षभर अशीच चालली तर किती होईल असं करून सांगते. २०२० च्या ऑक्टोबरच्या शेवटी, मतदानाला आठवडा पण राहिला नव्हता, आकडा आला ३३.१ टक्के वाढ. ट्रम्पवाले नाचले. खरी तिमाहीतली वाढ साडेसात टक्क्यांच्या आसपास होती, अन् ती पण कोरोनात आधीच्या तिमाहीला जेवढं पडलं होतं त्यातलंच बरंचसं भरून आलं होतं. अमेरिकेचा ३३ अन् आपला ७ असा ताळा कुणी मांडला तर त्याला आधी हे सांगा.

महागाईचं पण तसंच. बायडनच्या काळात जून २०२२ ला महागाई ९.१ टक्के झाली, चाळीस वर्षांतली सगळ्यात जास्त, अन् तो गेला तेव्हा ३ टक्क्यांवर आली होती. त्याचे लोक म्हणायचे बघा महागाई आटोक्यात, अन् दुकानात जाणारा म्हणायचा कुठाय आटोक्यात, अंडी-मटण तर महागच. दोघं पण खरं बोलत होते. दर उतरला म्हणजे भाव उतरले नाहीत, वाढायचा वेग कमी झाला एवढंच. चार वर्षांत तिथले सरासरी भाव सुमारे २१ टक्के वाढले अन् माणसाला तेच आठवतं. म्हणून महागाईच्या शेजारी पगार ठेवून बघायचं, पगार भावापेक्षा जास्त वाढला का कमी. अन् सरासरी पगार नको, मधल्या माणसाचा घ्या, नाहीतर चार अब्जाधीश सगळ्या देशाचं सरासरी उत्पन्न वर ओढून नेतात.

दोष किती द्यायचा हे कळायला शेजारच्या देशांकडं बघणं ही माझ्या मते सगळ्यात कामाची युक्ती आहे. त्याच २०२२ साली ब्रिटनमध्ये महागाई ११.१ पर्यंत गेली, युरो चलन वापरणाऱ्या देशांत १०.६, आपल्याकडं एप्रिलमध्ये ७.८ च्या जवळ. तिथं काही बायडन नव्हता. म्हणजे मोठा भाग जगाचा, कोरोनानंतर माल अडकलेला अन् युद्ध, अन् वरचा थोडा भाग त्याचा, कारण मार्च २०२१ मध्ये १.९ ट्रिलियन डॉलरचं पॅकेज त्यानीच सही केलं अन् लोकांच्या हातात पैसा आला. किती भाग कुणाचा यावर अर्थशास्त्रवाले अजून भांडतातच, पण सगळं त्याचंच किंवा काहीच त्याचं नाही, हे दोन्ही खोटं.

कोरोनाचं वर्ष आलं की प्रत्येक पार्टीचा माणूस आपापल्या सोयीनं कात्री चालवतो. १९२९ च्या महामंदीच्या वेळचा अध्यक्ष हूवर, त्याच्यानंतर आपल्या काळात नोकऱ्या वाढायच्या ऐवजी कमी करून गेलेला पहिला अध्यक्ष ट्रम्प, असं डेमोक्रॅट म्हणजे बायडनच्या पार्टीवाले सांगतात, आकडा खरा आहे, पण फेब्रुवारी २०२० ला बेरोजगारी ३.५ होती अन् एप्रिलला १४.८, मधी काय झालं ते सगळ्यांना माहितीये. अन् बायडन म्हणायचा मी दीड कोटीच्या वर नोकऱ्या दिल्या, त्यातल्या कितीतरी तर लॉकडाऊनमध्ये गेलेल्याच परत आल्या होत्या. एकाला कोरोनाची सूट दिली तर दुसऱ्याकडून कोरोनाचं बक्षीस पण काढून घ्या, कात्री एकच ठेवा, बस.

टॅरिफ तपासायचा असेल तर त्याच माणसानी काय वायदा केला होता तो काढा अन् त्यावरच मोजा. ट्रम्प म्हणाला होता व्यापारातली तूट, म्हणजे विकतो त्यापेक्षा जास्त बाहेरून घेतो तो फरक, कमी करतो. २०१८ मध्ये चीनवर टॅरिफ लावले, चीननी जुलैत अमेरिकेच्या सोयाबीनवर २५ टक्के लावून परतफेड केली अन् ब्राझीलकडून माल उचलायला लागला. शिकागोच्या बाजारातला सोयाबीनचा वायदे-भाव दहा वर्षांच्या तळाला गेला, मग सरकारला स्वतःच्याच शेतकऱ्यांसाठी १२ अब्ज डॉलरची मदत जाहीर करावी लागली अन् पुढच्या वर्षी अजून १६ अब्जाची. मोंढ्यात बसून हे सगळं आम्ही रोज बघत होतो, शिकागो पडलं की इथं सोयाबीन घेणारे तेलाचे प्लांटवाले हात आखडतात, पण आपला भाव नुसत्या शिकागोवर नाही, खाद्यतेलाचं आयात शुल्क दिल्लीत ठरतं अन् सोयापेंड कुणी उचलते का त्यावर पण असतो, म्हणून आपल्या भावाचं सगळं बिल ट्रम्पच्या नावानं फाडता येत नाही. बरं तुटीचं काय झालं, तर २०२० मध्ये ती २०१६ पेक्षा मोठी होती. वायदा फेल. पण चीनवर अवलंबून राहायचं नाही हा विचार बायडननी पण पुढं चालू ठेवला, ते टॅरिफ बहुतेक काढलेच नाहीत, म्हणजे धोरण म्हणून ते एकट्या ट्रम्पचं राहिलं नाही, हे पण लिहून ठेवा.

शेअर बाजारावर वेळ घालवू नका. कर्ज बघताना नुसते डॉलर नको, जीडीपीच्या किती टक्के ते बघा.

पहिला आकडा कधी पण शेवटचा नसतो. नोकऱ्यांचा रिपोर्ट साधारण महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी येतो अन् पुढच्या दोन महिन्यांत दुरुस्त होतो. १ ऑगस्ट २०२५ च्या रिपोर्टमध्ये मे अन् जूनच्या नोकऱ्या मिळून २ लाख ५८ हजारांनी कमी करून दाखवल्या, अन् ट्रम्पनी त्याच दिवशी आकडेवारी खात्याच्या प्रमुखाला काढून टाकलं. दुरुस्ती दर महिन्याला होतेच, यावेळी मोठी होती एवढंच. पण आकडा आवडला नाही म्हणून मोजणाऱ्याला काढणारा अध्यक्ष, ही गोष्ट सुद्धा त्याच्या रेकॉर्डमध्येच धरायची, मी तर आर्थिक खात्यातच धरतो.

पार्टीवरून निकाल लावायचा असेल तर प्रिन्स्टनच्या ॲलन ब्लाइंडर अन् मार्क वॉटसन या दोन प्रोफेसरांचं काम ऐकून ठेवा. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात डेमोक्रॅट अध्यक्षांच्या वेळी वाढ चांगलीच जास्त दिसली त्यांना, पण कारण शोधायला गेले तर सरकारी धोरण फारसं सापडलं नाही, तेलाच्या भावाचे झटके, उत्पादकता अशा नशिबाच्या गोष्टीच जास्त निघाल्या.

अन् घाई नको. तेव्हाचा अध्यक्ष ट्रूमन, त्याला १९५२ मध्ये गॅलप या संस्थेच्या पाहणीत फक्त २२ टक्के लोक बरा म्हणत होते, आता इतिहासकारांच्या यादीत तो पहिल्या दहात असतो.

राहिली आपली वही. त्यात ५० टक्के असं मोठ्या अक्षरात लिहून मोकळं होऊ नका, कुठल्या मालावर किती ते वेगवेगळं टाका. वाळूजमधून कार अन् हलक्या ट्रकचे पार्ट पाठवणाऱ्याला तो ५० चा आकडा लागू नव्हता, त्या पार्टला आधीपासूनच २५ टक्क्यांचं वेगळं कलम होतं अन् ते फक्त आपल्याला नाही, बहुतेक देशांना होतं, स्टीलवर जूनपासूनच ५० होता. कपडेवाल्यांना मात्र पूर्ण फटका, अन् त्यांना कापूस स्वस्त मिळावा म्हणून जे ११ टक्के काढले ती सूट आधी सप्टेंबरपर्यंत होती, मग डिसेंबर २०२५ पर्यंत वाढवली, म्हणजे नेमका आपला कापूस बाजारात येतो तोच काळ. टॅरिफ लावला वॉशिंग्टननी, पण शुल्क काढलं दिल्लीनी, तेव्हा कापसाच्या भावाच्या रकान्यात दोन नावं लिहावी लागतील.