पावसाळ्यातील सायकल : परतल्यावर आणि निघण्यापूर्वी करावयाची तपासणी

सायकलची तपासणी म्हटली की पहाटे निघण्यापूर्वी टायर दाबून पाहणे आणि ब्रेक ओढून पाहणे एवढेच बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात पहाटे पाच वाजता, बरोबरीचे लोक फाटकापाशी थांबलेले असताना सापडलेला दोष दुरुस्त करायला ना वेळ असतो, ना दुकान उघडे असते. म्हणून येथे आधी परतल्यानंतरचे काम सांगितले आहे आणि निघण्यापूर्वीचे नंतर. उदाहरण पावसाळ्याचे घेतले आहे, कारण ताम्हिणी किंवा वरंध घाटातून जुलैत भिजून आलेल्या सायकलवर रस्त्यावरची बारीक वाळू पाण्याबरोबर चेन, ब्रेक आणि बेअरिंगपर्यंत पोहोचलेली असते, आणि ती तशीच राहिली तर पुढच्या प्रत्येक फेरीत हे भाग घासत राहते.

घरी आल्यावर चिखल वाळण्यापूर्वी सायकल धुवावी. त्यासाठी बादली, मग, मऊ फडके आणि जुना दात घासण्याचा ब्रश पुरेसा होतो. मोटारी धुण्याच्या केंद्रात जोरदार फवाऱ्याखाली सायकल धरण्याचा मोह टाळावा. त्या दाबाने पाणी हब (चाकाचा मधला फिरता भाग), पॅडलचा ॲक्सल आणि हँडलच्या बेअरिंगमध्ये शिरते आणि आतले ग्रीस निघून जाते. अलिबाग किंवा मुरूडच्या किनाऱ्यावरून आलेली सायकल मात्र कितीही थकवा असला तरी त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवावी, कारण खारट ओलावा नट-बोल्ट आणि आऱ्यांच्या टोकांना फार लवकर गंज चढवतो. मोठ्या पावसानंतर सीटचा दांडा काढून सायकल काही वेळ उलटी ठेवावी, म्हणजे फ्रेममध्ये साचलेले पाणी निघून जाईल. दांडा काढण्यापूर्वी त्याच्या उंचीची खूण करून ठेवावी.

सर्वाधिक वेळ चेनला द्यावा. चेनवर काळा थर असताना वरून तेल सोडणे ही सर्रास आढळणारी आणि सर्वांत महाग पडणारी सवय आहे, कारण तेलाबरोबर तीच वाळू जोडांच्या आत ओढली जाते. आधी डिग्रीजर (तेलकट मळ काढणारे द्रव्य) किंवा थोडे रॉकेल फडक्यावर घेऊन, पॅडल उलटे फिरवत, फडके काळे होणे कमी होईपर्यंत चेन पुसावी. मग साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करावी. त्यानंतर चेनच्या आतल्या बाजूने प्रत्येक रोलरवर एक एक थेंब तेल सोडावे, पॅडल काही वेळ उलटे फिरवावे, आणि तेल आत मुरू द्यावे. सकाळी बाहेरच्या पट्ट्या कोरड्या फडक्याने पुसून घ्याव्यात. तेलाची गरज आत असते, बाहेर राहिलेले तेल फक्त माती धरते. पावसाळ्यासाठी दाट, पाण्याने सहज न धुतले जाणारे ‘वेट ल्यूब’ वापरावे. डब्ल्यूडी-४० चा नेहमीचा डबा पाणी हटवण्यासाठी आणि गंज सोडवण्यासाठी चांगला, पण चेनचे वंगण म्हणून तो टिकत नाही. गाडीचे इंजिन ऑइल अडचणीच्या वेळी चालेल. एरवी ते धूळ गोळा करते.

चेन स्वच्छ असतानाच ती मोजावी. नव्या चेनमध्ये एका पिनपासून पुढच्या पिनपर्यंतचे अंतर बरोबर अर्धा इंच असते, त्यामुळे २४ जोडांचे अंतर १२ इंच भरते. स्टीलच्या पट्टीच्या शून्यावर एका पिनचा मध्य धरला असता शेवटची पिन १२ इंचांच्या रेषेपुढे १/१६ इंच गेलेली दिसली, तर चेन सुमारे अर्धा टक्का लांबली आहे आणि बदलण्याची वेळ आली आहे. अंतर १/८ इंच होईपर्यंत थांबल्यास मागच्या कॅसेटचे, म्हणजे मागच्या चाकावरील दातऱ्यांच्या संचाचे, दातही त्या चेनप्रमाणे झिजलेले असतात आणि मग दोन्ही बदलावे लागतात.

ब्रेक शूमध्ये रुतलेले वाळूचे आणि ॲल्युमिनियमचे कण टोकदार सुईने काढून टाकावेत, अन्यथा ते रिमवर चरे पाडतात. शूवरील खाचा दिसेनाशा झाल्या असतील तर शू बदलावा. डिस्क ब्रेक असल्यास पॅडवरील घर्षणाचा थर सुमारे १ मिलिमीटर उरला की नवे पॅड बसवावेत. डिस्कला तेलाचा हात लावू नये, आणि चेनवर स्प्रे मारताना ती झाकावी. डिस्कला तेल लागलेच तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे.

टायर हळूहळू फिरवून दोन्ही बाजूंनी पाहावा. देशावरच्या रस्त्यांवर बाभळीचा काटा आणि महामार्गाच्या कडेला ट्रकच्या फाटलेल्या टायरमधली केसाएवढी बारीक तार हे पंक्चरचे नेहमीचे कारण. ते रबरात अडकून बसतात आणि ट्यूबपर्यंत कधीकधी दुसऱ्या फेरीत पोहोचतात. आज चिमट्याने काढलेला काटा उद्याचे पंक्चर वाचवतो.

एवढे झाले असेल तर निघण्यापूर्वी पाच मिनिटे पुरतात. अरुंद टायरमधली हवा सायकल उभी असतानाही उतरते, म्हणून हवा मात्र त्याच दिवशी पंपाच्या मापकावर पाहावी. ७० किलोच्या आसपास वजन असल्यास २८ मिलिमीटरच्या टायरला ७० ते ८०, हायब्रिड सायकलच्या ३५ ते ४० मिलिमीटरच्या टायरला ४५ ते ६० आणि दोन इंची टायरला ३० ते ४० पीएसआय (हवेच्या दाबाचे माप) हा सुरुवातीचा अंदाज धरावा. टायरच्या कडेला छापलेली मर्यादा ओलांडू नये, मागच्या चाकात पुढच्यापेक्षा थोडी जास्त हवा ठेवावी आणि ओल्या रस्त्यासाठी दोन्हींत पाचेक पीएसआय कमी करावी. पेट्रोल पंपावरची नळी बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हला बसत नाही, आणि जाड व्हॉल्व्हच्या ट्यूबमध्येही ती इतक्या वेगाने हवा भरते की ट्यूब फुटू शकते.

क्विक रिलीजची (अवजाराशिवाय चाक काढता येणाऱ्या पकडीची) दांडी बंद करताना ती ॲक्सलच्या रेषेत आल्यावर ताण जाणवू लागावा आणि शेवटी तळहातावर ठसा उमटेल इतका जोर लागावा. ती नटासारखी फिरवून आवळणे चुकीचे आणि धोक्याचे आहे. मग पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे ढकलावी : हँडलपाशी खट् असे जाणवले तर हेडसेट, म्हणजे हँडलच्या बेअरिंगचा भाग, ढिला आहे. सायकल टेम्पोतून किंवा गाडीच्या टपावरून आली असेल, अथवा उजव्या बाजूला पडली असेल, तर मागचे चाक उचलून, पॅडल हाताने फिरवत, सावकाश सर्वांत मोठ्या दातरीपर्यंत गिअर टाकून पाहावा. डिरेलर, म्हणजे चेन एका दातरीवरून दुसरीवर नेणारा भाग, ज्या पट्टीवर बसतो ती वाकली असल्यास तो चढावर आऱ्यांमध्ये अडकू शकतो, आणि तिथून चालत यावे लागते.

बरोबरची ट्यूब आपल्याच चाकाच्या मापाची आणि तिचा व्हॉल्व्ह रिमबाहेर येण्याइतका लांब आहे, हे एकदा खात्रीने पाहावे. मागचा लाल दिवा घाटातल्या धुक्यात दिवसाही लावावा.

पाऊस संपला की हब, पॅडलचा ॲक्सल आणि हेडसेट उघडून, जुने ग्रीस काढून नवे भरून घ्यावे. दसऱ्याला सायकल धुऊन हार घालण्याची पद्धत आहेच. हे काम त्याआधीच्या आठवड्यात मेकॅनिककडे द्यावे, आणि सायकल सोपवताना ‘सर्व्हिसिंग करा’ एवढेच न सांगता कोणते बेअरिंग उघडायचे, चाक आउट (वाकडे) आहे का आणि चेनचे माप किती आले, हे कागदावर लिहून द्यावे.