जे-पाऊच असेल तर त्वचा आणि मीठ-पाणी सांभाळा

मोठं आतडं काढून लहान आतड्याच्या टोकाची J आकाराची पिशवी, म्हणजे जे-पाऊच, करून ती गुदद्वाराला जोडली की दिवसाला साधारण 4 ते 8 वेळा शौचाला जावं लागतं, तेही पातळ. त्यातल्या पाचकरसांमुळे आणि पित्तामुळे गुदद्वाराभोवतीची त्वचा सोलवटते. टिश्यूने घासलं की आणखीच. कोमट पाण्याने धुवा, साबण नको. जेट स्प्रेची धार अगदी हळू ठेवा. मऊ सुती कापडाने टिपा आणि पूर्ण सुकू द्या, कारण ओल्या त्वचेवर मलम बसत नाही. मग झिंक ऑक्साइडचं मलम पातळ लावा. पुढच्या वेळी जुना थर खरवडू नका. मळलेला तेवढा पुसा आणि वर नवा द्या. झोपण्याआधी तर लावाच, कारण झोपेत नकळत थोडं झिरपतं. सुगंधी वाइप्सनी आग वाढते, ते घरात आणूच नका.

मोठं आतडं पाणी आणि मीठ शोषून घ्यायचं. ते नसल्यामुळे नुसतं पाणी ढोसून भागत नाही. लघवी गडद झाली, पोटऱ्यांत गोळे आले, उठताना चक्कर आली की ओआरएस घ्या: 1 लिटरचं पाकीट पूर्ण 1 लिटर पाण्यातच, आणि घोटघोट प्या. अंदाजाने अर्धं पाकीट ग्लासात टाकू नका, प्रमाण बिघडतं. मूत्रपिंडाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

फेऱ्या अचानक वाढल्या, सोबत कळा, ताप किंवा रक्त असेल तर पाऊचला सूज आलेली असू शकते. तेव्हा शौच थांबवणाऱ्या गोळ्या स्वतःहून न घेता सर्जनला फोन करा.