नक्कल मागू नका, आधी रजिस्टर बघायला मागा

पीएचडीची नवी मुलं विचारतात, बेळगावात कचेरीतले जुने कागद वाचायला बसायचं कुठं? कुठंच नाही. वाचनकक्ष पुराभिलेखागारात असतो. तालुका कचेरीत आणि डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसात असते ती रेकॉर्ड रूम, आणि ती नकला देण्यासाठी चालते.

फसतो तो इथंच. नकलेच्या अर्जात सर्व्हे नंबर, फाइल नंबर, साल भरावं लागतं, आणि आपल्याला नेमकं तेच शोधायचं असतं. नंबर रजिस्टरात, रजिस्टर आत, आपण बाहेर. ‘तपशील अपुरा’ म्हणून अर्ज परत येतो. कारकुनाशी भांडून उपयोग नाही, त्याला नंबराशिवाय गठ्ठा काढताच येत नाही. माझा अख्खा उन्हाळा यात गेला. म्हणून आधी इनाम फायलींचं (म्हणजे राजवटीनं बक्षीस दिलेल्या जमिनींच्या फायलींचं) रजिस्टर, अमुक तालुका, अमुक ते अमुक साल, प्रत्यक्ष बघून टिपणं घ्यायला मागा. माहिती अधिकार कायदा, २००५ मध्ये कागद बघणं आणि टिपणं काढणं, दोन्ही हक्कात बसतं. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील करा, बिचकू नका. अर्ज कन्नड किंवा इंग्रजीत द्या. मराठीसाठी भांडायचंच, पण त्या टेबलावर नको.

बाहेरचे एजंट ‘दोन दिवसांत काढून देतो’ म्हणतात. फाइल नंबर नसलेली झेरॉक्स प्रबंधात घालणार कुठं? गाइडच्या पत्राचंही फार कौतुक नको. पुराभिलेखागारात ते लागतं, तालुका कचेरीत कुणी उघडून बघत नाही.

आणखी एक. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत जिल्हा मुंबई राज्यात होता, त्यामुळं वरचा पत्रव्यवहार मुंबईच्या पुराभिलेखागारात शोधा. शहापूर आज शहरात असलं तरी सांगली संस्थानातलं. रायबाग कोल्हापूरचं, त्यासाठी कोल्हापूरचं पुराभिलेखागार गाठा. मोडी स्वतः शिका. पहिले काही आठवडे डोकं फिरतं, मग अक्षर लागतं.

रेकॉर्ड कीपरशी मात्र नीट बोला, रजिस्टरात न चढलेले गठ्ठे कुठल्या कपाटात आहेत ते त्यालाच ठाऊक असतं. आणि मार्चमध्ये जाऊ नका, वर्षअखेरीला तिथं मान वर करायलाही कुणाला फुरसत नसते.