पेरणी ते कडबा: रब्बी ज्वारीच्या एका हंगामाचा माहितीपट मोबाइलवर कसा करावा

शेतीवरचा माहितीपट बऱ्याचदा दोन दिवसांत उरकलेला असतो. उभं पीक, हसरा शेतकरी, वरून ड्रोन, झालं. पेरणी दिसत नाही, तण दिसत नाही, खर्च तर नाहीच. रब्बी ज्वारीवर पंधरा मिनिटांचा पट करायचा असेल तर सप्टेंबर ते मार्च एकाच शेतावर सात-आठ फेऱ्या मारायची तयारी हवी. इथे सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याचं शेत धरलं आहे: खोल काळी जमीन, कोरडवाहू मालदांडी (रब्बी ज्वारीचं जुनं वाण), आणि २०१६ पासून भौगोलिक मानांकन असलेली ज्वारी.

पहिल्याच फेरीत बांधावर एक खुंटी ठोका. वावरात ठोकली तर कोळप्यात (ओळींमधलं तण काढायच्या अवजारात) जाईल. दर वेळी त्याच खुंटीजवळ, त्याच उंचीवर ट्रायपॉड लावून एक मिनिटाचा स्थिर शॉट घ्यायचा. चौकटीत एखादं झाड किंवा विहिरीचं कठडं असू द्या, म्हणजे जुळणी सोपी जाते. संकलनात हंगाम पुढे सरकल्याचं दाखवायला हेच शॉट कामी येतात.

पेरणीची तारीख आधी ठरत नाही. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पाऊस उघडून वाफसा (पेरणीजोगी ओल) आला की दोन दिवसांत काम आटोपतं. म्हणून बॅटऱ्या भरलेल्या ठेवा आणि शेतकऱ्याला दोन दिवसांआड फोन करा. पाभर (बैलांनी ओढायचं पेरणीचं अवजार) असेल तर चाड्यावर बी सोडणारा हात जवळून घ्या. ट्रॅक्टरची पेरणी असेल तर तीच दाखवा, बैल भाड्याने आणून नटवू नका. एकरी साधारण चार किलो बी लागतं, दोन ओळींत अंतर ४५ सेंटिमीटर. ओंजळीतलं बी आणि समोरचं वावर एका शॉटात आलं की हा आकडा निवेदनात सांगावा लागत नाही.

कोळपणी चुकवू नका. बहुतेक पट इथेच कच्चे राहतात, कारण दिसायला ती कंटाळवाणी असते. कोरडवाहू ज्वारीला शिफारस तीन कोळपण्यांची: तिसऱ्या आठवड्यात फटीच्या कोळप्याने, पाचव्यात पासाच्या, आठव्यात दातेरी. शेवटच्या कोळपणीपर्यंत काळ्या जमिनीला भेगा पडलेल्या असतात. कोळपं फिरलं की त्या मातीने बुजतात आणि ओल आत राहते. पावसाविना पीक उभं कसं राहतं याचं उत्तर या एका शॉटात आहे. कॅमेरा जमिनीलगत ठेवा आणि भेग बुजेपर्यंत हलवू नका.

काळी माती कॅमेऱ्याला फसवते. ऑटोवर ठेवलं तर फोन चित्र उजळवतो, माती राखाडी होते आणि आभाळ पांढरं फटक पडतं. एक्स्पोजर लॉक करून थोडं खाली ओढा. सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवा. घरात एलईडी दिव्याखाली पट्टे येऊ नयेत म्हणूनही हाच आकडा बरा. भर उन्हात इतकं मंद शटर झेपत नाही, त्यासाठी प्रकाश कमी करणारा एनडी फिल्टर लावा किंवा सकाळी नऊच्या आत आणि चारनंतर चित्रण करा. दुपारी फोन तापून बंद पडतो, ते वेगळंच.

चित्र थोडं हललं तर प्रेक्षक सोसतो, आवाज फाटला तर उठून जातो. कॉलर माइकला फरचं आवरण हवंच. उघड्या रानातल्या वाऱ्याला नुसता स्पंज पुरत नाही. पदराला लावलेला माइक घासतो, बांगड्यांचा आवाजही येतो. तो ब्लाउजच्या गळ्याशी, शक्यतो त्या बाईंनी स्वतःच लावावा. दर फेरीला कोणी न बोलता एक मिनिट नुसता रानाचा आवाज घ्या. कणसात दूध भरताना पाखरांची राखण सुरू होते. गोफणीचा फटकारा आणि डब्यांचा खणखणाट पहाटेच मिळतो. मळणी यंत्रापाशी मुलाखत घेऊ नका, यंत्राचा आवाज लांबून वेगळा घ्या.

हुरडा डिसेंबर-जानेवारीत. आगटीचा धूर, चोळलेले गरम दाणे, सगळं छान दिसतं आणि म्हणूनच पट तिथे अडकतो. दोन मिनिटांच्या वर देऊ नका.

खरी गोष्ट काढणीत आहे. मालदांडी पेरणीपासून सव्वाशे ते एकशेतीस दिवसांत तयार होते. ताटं हाताने उपटायची, वाळवायची, मग कणसं मोडायची. ज्वारीचं क्षेत्र घटण्यामागे हे कष्ट आणि मजुरांची टंचाई ही मोठी कारणं आहेत. काम उक्तं (ठोक रकमेत) दिलंय की रोजाने, बाईची आणि गड्याची मजुरी किती, हे वेगवेगळं विचारा. पुढे कडब्याच्या (गुरांना घालायच्या वाळल्या ताटांच्या) पेंढ्या मोजताना, गाडीत भरताना आणि गोठ्यात टाकतानाही चित्रण करा. अनेक घरांत ज्वारी टिकली ती कडब्यामुळे. धान्याचा भाव विचारून कडब्याचा शेकड्याचा भाव न विचारणाऱ्या पटात हिशेबच लागत नाही.

प्रश्न कामात हात असतानाच विचारा. ‘सेंद्रिय करता का?’ म्हटलं की ‘हो’ येतं आणि विषय संपतो. ‘आबा, औंदा या वावरात काय काय टाकलं, किती पोती, कधी? चिकट्याला (माव्यामुळे पानं चिकट होतात त्याला) काय फवारलं?’ असं विचारलं की खरं चित्र कळतं. पोत्याचं वजन घरोघर वेगळं, तेव्हा उतारा एकरी क्विंटलमध्ये पक्का करून घ्या. बोली सुधारायला लावू नका. लांबच्या प्रेक्षकासाठी खाली मराठीतच ओळी द्या.

फुल एचडीत मिनिटाला अंदाजे शंभर-दीडशे एमबी जातात. त्याच रात्री दोन वेगळ्या डिस्कवर प्रत करा, मगच फोन रिकामा करा. हंगामाअखेर आठ-दहा तासांचं चित्रण जमेल. ते पिकाच्या क्रमानेच लावा आणि तयार बासरी चढवू नका, रानाचा आवाज आहेच.

बाहेर दाखवण्याआधी पट शेतकऱ्याच्या घरी सगळ्यांसमोर लावा. कर्ज, बांधाचं भांडण, पाण्याची वाटणी यातलं काही नको म्हणाले तर काढून टाका. मजुरीचे आकडे मात्र मजुरांनाही वेगळे बसवून दाखवा, कारण मालकासमोर ते दुरुस्ती सांगणार नाहीत.