शनीच्या कड्यांचे सिम्युलेशन पडद्यावर हलते कसे करावे

सांगलीसारख्या ठिकाणी साध्या लॅपटॉपवर काम करणाऱ्या विद्यार्थ्याने शनीचे संपूर्ण कडे उभारण्याच्या फंदात पडू नये. शंभर-दोनशे मीटरचा एक छोटा चौकोन निवडावा आणि तो कड्यातील कणांबरोबर शनीभोवती फिरतो आहे असे मानावे. कणांच्या हालचालींचे गणित करणाऱ्या ‘रीबाउंड’ या मुक्त संगणक-प्रणालीत अशा चौकोनाची सोय तयारच आहे.

शनीच्या केंद्रापासून 1,30,000 किलोमीटरवर एका प्रदक्षिणेला सुमारे 13 तास लागतात. प्रत्येक प्रदक्षिणेच्या 120 चौकटी (फ्रेम) घेतल्या आणि त्या सेकंदाला 24 या वेगाने दाखवल्या, तर एक प्रदक्षिणा पाच सेकंदांत उलगडते. याहून घाई केल्यास कणांच्या टकरी डोळ्यांना टिपता येत नाहीत.

कण ठिपक्यांनी नव्हे, तर त्यांच्या खऱ्या त्रिज्येच्या वर्तुळांनी दाखवावेत, कारण परस्पर गुरुत्वाकर्षणामुळे कणांचे जे तिरके, सतत जुळणारे आणि विस्कटणारे पट्टे तयार होतात, त्यांची दाटी त्याशिवाय कळत नाही. चौकोनाच्या एका कडेने बाहेर पडलेला कण दुसरीकडून आत येतो. त्याच्या जागा रेषेने जोडल्यास चित्रभर आडवे ओरखडे उठतात. माझा पहिला चित्रपट असाच वाया गेला होता.

प्रत्येक चौकट स्वतंत्र चित्र म्हणून साठवावी आणि शेवटी ‘एफएफएमपेग’ या चित्रांची चित्रफीत बनवणाऱ्या प्रणालीने जोडावी. मध्येच वीज गेली, तरी तोवरचे काम शाबूत राहते.